तुझ्या बागेतली घाणेरी

आई, काल तुझ्या बागेतल्या घाणेरीचं शेवटचं खोड मुळासकट निघालं. पहारीने दोन्ही बाजूंनी उकरून मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून ते ओढलं, तेव्हा ते एकदम सुटलं आणि आम्ही दोघंही मागच्या भिंतीवर जाऊन आपटलो. रिटायर व्हायला आलेल्या बाईने अशा वेळी हसायला हवं होतं. मी त्या मुळाला लाथ मारली. मग आणखी एक मारली. नवरा म्हणाला, "बस ना आता, निघालंय ते." पण मला तिथे तू समोर उभी हवी होतीस. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटून थांबावं लागतं, आणि राग मात्र आज सकाळी आल्यासारखा ताजा आहे. म्हणून लिहायला बसले.

आधी हे सांगते की मी तिथे गेलेच कशी. तू शेवटच्या वर्षांत दादाकडे पुण्याला राहायला गेलीस तेव्हापासून मुलुंडचं घर भाड्याने होतं. भाडेकरू आले, गेले. स्वयंपाकघराचं मागचं दार कुणी उघडलं नाही आणि दारामागच्या जागेकडे कुणी बघितलं नाही. आता दोन वर्षं घर नुसतं बंद आहे. मग सोसायटीची दादाला नोटीस गेली. मागच्या जागेत रान माजलंय, घुशी झाल्यात, पहिल्या मजल्याच्या खिडकीत फांद्या शिरतात, महिन्याभरात साफ करा. दादाने मला फोन केला. "तू घाटकोपरला आहेस, तुला जवळ पडतं. एखादा माणूस लाव आणि उरकून टाक." मी म्हटलं, घर तुझ्या नावावर, मी का? तर म्हणाला, "अगं असं काय करतेस? शेवटी ती बाग तशी झाली ती तुझ्याच..." आणि थांबला. "माझ्याच काय?" "काही नाही गं. जुन्या गोष्टी." मी फोन ठेवला. दादाला नातवंडं आहेत आता, दोनदा अँजिओप्लास्टी झाली आहे, आणि त्याच्या डोक्यात अजून तेच आहे. तू भरवलेलं.

"माजां चेडू गेलां, आता बाग कोणासाठी करू?" हे तुझं वाक्य. चेडू, म्हणजे मुलगी, म्हणजे मी. एरवी तू आमच्याशी मालवणी फारशी बोलायची नाहीस. चिडलीस किंवा दुखलंखुपलं की बोलायचीस. पण हे वाक्य तू इतक्या लोकांना इतक्यांदा ऐकवलंस की मला ते मालवणीतच पाठ आहे. मावशीने ते मला एका लग्नात ऐकवलं, हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन. समोरच्या इमारतीतल्या बाई बाजारात भेटल्या, त्यांनी ऐकवलं. "तुझ्या आईने बाग सोडली गं. पाऊल टाकत नाही. बघवत नाही आम्हाला." आणि बघायला सगळ्यांनाच मिळायचं, कारण आपली मागची भिंत कमरेएवढीच आणि भिंतीपलीकडे बाजाराची वाट. भाजी घेऊन जाणारी प्रत्येक बाई दिवसातून एकदा ती बाग बघायची. आधी हेवा करायची, मग हळहळायला लागली, आणि दर वेळी हळहळताना तिला माझं नाव आठवायचं. तू माझ्याबद्दल कुणाला वाईट बोलली नाहीस असं दादा म्हणतो. तुला बोलायची गरजच कुठे होती? तू बाग वाळू दिलीस. पुढचं सगळं लोक आपापले बोलले.

तशी ती बाग म्हणजे होती केवढी! स्वयंपाकघराच्या भिंतीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पाच पावलं रुंद आणि इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत लांब. पण त्यात अळू होतं, ओली हळद होती, कढीपत्ता, एक लिंबाचं झाड, आणि भिंतीलगत अबोलीची रांग. रोज सकाळी बाबा कंपनीत गेले की तू पदर खोचून उकिडवी बसायचीस आणि बसल्याबसल्याच इंचाइंचाने पुढे सरकत सगळी जागा तण काढून लख्ख करायचीस. गवताची एक काडी तुला खपायची नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मदत करायला बसले आणि गवत वरच्यावर तोडून बाजूला ढीग केला. तू तो ढीग बघितलास, माझ्या हातावर चापट मारलीस आणि म्हणालीस, "मूळ कुठे आहे? तुझं सगळंच वरवरचं." ते मी कॉलेजात ऐकलं, नोकरी लागल्यावर ऐकलं, आणि शेवटचं ऐकलं त्या दिवशी, स्वयंपाकघरात.

तो दिवस मला असा दिसतो. रविवार आहे. तू ओट्याशी बांगडे साफ करते आहेस, मी दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. मी सांगते की मला लग्न करायचंय, ऑफिसातलाच आहे, दोन वर्षं ओळखते. तू मान वर करत नाहीस. "नाव काय?" मी सांगते. आडनावावर तुझी सुरी थांबते. "कोणातले ते?" तुला कळलेलं असतं, तरी तू विचारतेस. मी म्हणते, बौद्ध. मूळचे जालन्याकडचे, वडील रेल्वेत होते, आता नाहीत, आई आहे. तू पुढचा बांगडा उचलतेस, त्याचं पोट चिरतेस, नळाखाली धरतेस. "तो या घरात येणार नाही. आणि त्याची आई तर नाहीच." मी काहीतरी बोलायला लागते, माणूस कसा आहे, किती शिकलाय, असलं काहीतरी केविलवाणं. तू म्हणतेस, "दोन वर्षांच्या ओळखीवर जन्म काढायला निघालीस. तुझं सगळंच वरवरचं." बस. त्या एका वाक्यावर तू विषय मिटवलास. आम्ही कोर्टात लग्न केलं. दादा आला, सही केली आणि जेवायला न थांबता निघून गेला.

लग्नानंतर महिन्याभराने माझ्या सासूबाई तुला भेटायला आल्या. मी नको म्हणत होते. आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो. माय म्हणाल्या, "पोरीची आई हाय. म्या गेलंच पाहिजे." त्यांनी साडी घेतली, घरचे रव्याचे लाडू घेतले. आम्ही तिघं तुझ्या दाराशी उभे राहिलो. बेल वाजवली. तू दाराशेजारच्या खिडकीशी आलीस, पडदा दोन बोटं बाजूला केलास, आणि म्हणालीस, "घरात कोणी नाही." तूच म्हणालीस. खिडकीतून. मी लाजेने अर्धी झाले. परत जाताना रिक्षात विक्रोळी आल्यावर माय एकदम हसायला लागल्या. "घरात कुनी न्हाई म्हनं. मंग बोलतंय कोन?" आजही आमच्याकडे कुणाला दार उघडायचा कंटाळा आला की हे वाक्य म्हटलं जातं. माझी मुलगीसुद्धा म्हणते. तिला ते कुठून आलं हे माहीत नाही, आणि मी सांगितलेलं नाही.

माय हसून मोकळ्या झाल्या. मी नाही झाले. मी काय केलं माहितेय? मी झाड लावणं बंद केलं. घाटकोपरच्या घराला चांगली बाल्कनी आहे, सकाळचं ऊन येतं. शेजारणींच्या कुंड्या एकमेकींत घुसल्या आहेत इतकी झाडं, आणि माझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी. तुळससुद्धा नाही. ऑफिसात वाढदिवसाला कुणी रोपटं दिलं की मी ते खाली उतरायच्या आत दुसऱ्याला देऊन टाकायचे. माझ्या हाताने बाग मेली आहे असं मी धरून चालले होते. मूर्ख वाटेल, पण जगातल्या सगळ्यांनी तेच सांगितल्यावर माणूस दुसरं काय धरून चालणार?

तर गेल्या महिन्यात मी माणूस न लावता स्वतः जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, वेडी आहेस का, आपलं वय काय. माय आतल्या खोलीतून म्हणाल्या, "म्या बी येते." माय ऐंशीच्या आहेत. पंचविशीपर्यंत त्यांनी गावाकडे दुसऱ्यांच्या रानात रोजाने खुरपणी केली. त्यांचं खुरपं अजून आहे, लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी झालेलं. ते त्यांनी गादीखालून काढलं, पिशवीत घातलं, आणि चप्पल घालून दाराशी उभ्या राहिल्या. आता यांना कोण नाही म्हणणार?

पहिल्या रविवारी मागचं दार उघडलंच नाही. कडी निघाली, पण बाहेरून घाणेरी दाराला खेटून वाढली होती. बाजूच्या बोळातून वळसा घालून गेलो आणि मी बघतच राहिले. बाग नव्हतीच. घाणेरीची एकच एक भिंत, माझ्या डोक्याच्या वर, नारिंगी-गुलाबी फुलांनी भरलेली. लांबून बघणाऱ्याला सुंदर वाटावी अशी. जवळ गेलं की पानांचा तो उग्र वास. लिंबाचं झाड आत कुठेतरी वाळून उभं होतं. अबोलीचा मागमूस नाही. नवऱ्याने कोयता चालवायला घेतला. मी फांद्या ओढून बाहेर काढत होते, आणि बारीक काट्यांनी माझे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. प्रत्येक ओरखड्यागणिक मी तुला शिव्या देत होते, मोठ्याने. नवऱ्याला माझ्या तोंडून असलं ऐकायची सवय नाही. दुपारपर्यंत वरचं सगळं उतरलं आणि मला वाटलं, झालं. माय भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय झालं? नुसते केस कापले तुम्ही. पंधरा दिसांत दुप्पट यील. बुडखे काढा." मग बुडखे. जमिनीला पाणी मारायचं, मुरलं की पहारीने उकरायचं, मूळ जिथवर जातं तिथवर जायचं. पहिल्या दिवशी तीन निघाले. एकूण सतरा होते.

डबा खायला मी मायंना म्हटलं, किल्ली आहे माझ्याकडे, आत पंख्याखाली बसू. त्या म्हणाल्या, "नगं. तिनं बोलावलं न्हाई." आई, ऐंशी वर्षांची बाई तुझ्या बागेतलं तण काढायला घाटकोपरहून आली, आणि तुझ्या मेल्यानंतरही तुझा शब्द राखून बाहेर उन्हात बसून भाकरी खात होती. मी आत गेले नाही. माझ्याही घशाखाली उतरलं नसतं.

दुसऱ्या रविवारी लव्हाळा समोर आला. घाणेरी हटली तशी खालच्या मातीला ऊन लागलं आणि आठवड्याभरात सगळीकडे हिरव्या सुया उभ्या. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी उपटत सुटले. भराभर येत होता, ढीग लागला, मला बरं वाटायला लागलं. माय सरकत सरकत आल्या, ढिगातली एक काडी उचलून बघितली आणि माझ्यासमोर धरली. "गाठ कुटं हाय ह्याची?" मला तुझीच चापट आठवली. पण मायंनी चापट मारली नाही. त्यांनी खुरपं तिरकं घातलं, माती सैल केली आणि काडीच्या तळाशी बोटभर खोलीवरून एक काळी गाठ काढली, शेंगदाण्याएवढी. तिला दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, तिला तिसरी. "ही एक ऱ्हायली की पुन्ना धा. वरून उपटलं की त्याला बरंच वाटतं." गाठ चुरडली तर दिवाळीच्या उटण्याचा वास आला. मी म्हटलं, मीठ टाकू का? उकळतं पाणी ओतते, औषध फवारते, एकदाचं मरू दे सगळं. खरंच मला ती जमीन जाळून टाकावीशी वाटत होती. माय म्हणाल्या, "जमिनीनं तुजं काय केलंय?" इमारतीत प्लास्टरचं काम चालू होतं, त्यांच्याकडून वाळूची चाळण मागून आणली आणि आम्ही दोघी तुझ्या बागेची माती घमेल्याघमेल्याने चाळत बसलो. गाठी प्लास्टिकच्या पिशवीत, माती मागे.

तिसऱ्या रविवारी पहिल्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. तुझी मैत्रीण, जिच्याशी तू खिडकीतून खिडकीत तीस वर्षं गप्पा मारल्यास. थकल्या आहेत आता, पण डोळे तेच. चहाचा थर्मास घेऊन आल्या, मला जवळ घेतलं, मायंना हात जोडले. मग मायंकडे बघत राहिल्या. माय उकिडव्या बसल्याबसल्या पुढे सरकत होत्या, टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ ताठ. काकू म्हणाल्या, "काय हो तुमचे गुडघे! या वयात! हिच्या आईला तर पन्नाशीतच जमेनासं झालं होतं."

मी चाळण खाली ठेवली. "काय जमेनासं झालं होतं?"

"खाली बसायला गं. तुझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षापासून. मीच नेलं होतं ना तिला डॉक्टरकडे. म्हणाले, झीज झाली आहे, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वजन उचलायचं नाही. रडली होती हो बिचारी. बाग सुटली म्हणून."

"बाग गुडघ्यांमुळे सुटली?"

काकूंच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी कप भरायला सुरुवात केली. मी त्यांच्या हातातला थर्मास काढून घेतला. "काकू, बाग गुडघ्यांमुळे सुटली?"

"तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा गेलेले, दादाचं लग्न व्हायचं. म्हणायची, लोक म्हातारी म्हणतील, सून आल्याआल्या मला कोपऱ्यात बसवेल. मी म्हटलं, एखादा माळी लाव. तर माळी लावला की लोक विचारतील, तुम्हाला काय झालं. मग तुझं लग्न झालं. बागेत गवत दिसायला लागलं तसे लोक विचारायलाच लागले. आणि मग तिने..." काकू थांबल्या.

"आणि मग तिने माझं नाव सांगितलं."

"मला शपथ घातली होती गं."

मी खुरपं भिंतीवर फेकून मारलं. मायंचं खुरपं. मूठ निघून पडली. आई, मी तुला जातीचा राग माफ करायच्या बेताला आले होते, खोटं नाही सांगत. इतक्या वर्षांत मी स्वतःला समजावलं होतं की ती तशाच घरात वाढली, तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी, निदान तिचं दुःख तरी खरं होतं. इतकं खरं की हाताने वाढवलेली बाग तिने सोडून दिली. तुझ्या त्या दुःखाला मी मान देत आले. आणि ते गुडघे होते! गुडघे! मला आठवलं, त्या रविवारी तू बांगडे ओट्यावर सुरीने साफ करत होतीस, उभ्याने. जन्मभर तू मोरीत पाटावर बसून विळीवरच मासे कापलेस. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघितलं नाही, कारण मी माझं सांगण्यात गुंतले होते. ठीक आहे, ती माझी चूक. पण नंतरचं? तुला म्हातारं दिसायचं नव्हतं म्हणून तू मला गुन्हेगार केलंस. मावशीपुढे, आत्यापुढे, बाजारातून जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवालीपुढे. माझे गुडघेही आता वाजतात. मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, लिफ्ट बंद असली की शिव्या घालते, काही होत नाही, कुणी मला कोपऱ्यात बसवलेलं नाही. एवढंच तर बोलायचं होतं तुला. "माझे गुडघे दुखतात." त्यापेक्षा मुलगी मेल्यासारखी रडणं तुला सोपं वाटलं.

मी किती वेळ ओरडत होते कोण जाणे. काकू रडत होत्या. भिंतीपलीकडे दोन बायका थांबून बघत होत्या, आणि मी त्यांनाही म्हटलं, "ऐकलंत ना? गुडघे होते! सांगा सगळ्यांना!" बिचाऱ्या नव्या कोणीतरी होत्या, त्यांना काय कळणार, घाबरून निघून गेल्या.

माय हळूच म्हणाल्या, "म्हंजी माज्यामुळं न्हाई?"

मला कळलं नाही. "काय तुमच्यामुळे नाही?"

"मला वाटत व्हतं, म्या दारात आले म्हनून तिनं बाग सोडली. माजी सावली पडली म्हनून. इतकी वरसं मला तेच वाटत व्हतं."

आई, हे वाचायला तू असायला हवी होतीस. ती बाई आमच्या घरात "मंग बोलतंय कोन" म्हणून सगळ्यांना हसवत होती, आणि मनात हे घेऊन जगत होती. मला एकदाही बोलली नाही. तुझं एक खोटं किती घरांत जाऊन बसलं होतं बघ.

माय उठल्या. कपडे झटकले नाहीत. त्या आठवड्यात दारापुढचं खोड निघालं होतं, स्वयंपाकघराचं मागचं दार उघडत होतं. त्या म्हणाल्या, "किल्ली दे." मी म्हटलं, दार उघडंच आहे. "मंग जाते आत. आता तिला काय बोलायचा हक्क ऱ्हायला न्हाई." आणि त्या मातीच्या पायांनी, चपला न काढता, तुझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्याजवळ उभं राहून नळ सोडला. दोन मिनिटं नुसता गंजका आवाज, मग लाल पाणी, मग स्वच्छ. त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, ओंजळीने पाणी प्यायल्या. बाहेरच्या खोलीत गेल्या, चारी भिंती बघितल्या आणि परत आल्या. "ल्हानच हाय की घर," एवढंच म्हणाल्या. तुझ्या पांढऱ्या लादीवर त्यांच्या पावलांची लाल माती होती. मी ती पुसली नाही. काकू पुसायला वाकल्या, त्यांनाही पुसू दिली नाही.

काल सतरावं खोड निघालं. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले, खूश आहेत. लव्हाळा अजून चार-पाच जागी डोकं काढतोय, दर रविवारी जाऊन गाठी काढाव्या लागतील, मायंच्या अंदाजाने पुढच्या पावसापर्यंत तरी. दादा फोनवर म्हणाला, कशाला एवढा जीव काढतेस, इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे, वर्षा-दोन वर्षांत तिथे पार्किंग होणार. मी त्याला गुडघ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना आता. ती गेली बिचारी." मी म्हटलं, "नाही जाऊ देणार. तू मावशीला फोन कर आणि सांग. मग आत्याला. एकेकाला. मी यादी देते." बहुतेक करणार नाही तो. मग मी करीन. पार्किंग होईपर्यंत तरी ती जागा स्वच्छ दिसली पाहिजे, बाजारात जाणाऱ्या प्रत्येकीला. तिथे मी काहीही लावलेलं नाही आणि लावणार नाही. तुझ्या नावाने अबोली लावू म्हणून काकू मागे लागल्या आहेत. त्यांना मी नाही म्हटलं.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? मुलुंडच्या? तिथे आता खरोखरच घरात कोणी नाही. तरी एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती लिहायची नाही म्हणून मी इतका वेळ बाकीचं लिहीत बसले.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. मी मुलुंडला एका मैत्रिणीकडे आले होते, स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी ब्लाउजपीसवाल्याकडे उभी होते. वर बघितलं तर तू पूल उतरत होतीस. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा कठड्यावर. आडवी होऊन उतरत होतीस, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबायचं. मागून येणारे लोक चिडून बाजूने जात होते. तू मला बघितलं नव्हतंस. दहा पायऱ्या चढले असते तर पिशवी माझ्या हातात आली असती. मला आठवतंय मी काय विचार केला. आज धरली तर घरापर्यंत सोडायला लागेल, मग पुढच्या आठवड्यात यावं लागेल, मग दर आठवड्याला. मी दुकानदाराला म्हटलं, तो हिरवा दाखवा, आणि तू निघून जाईपर्यंत पाठ करून उभी राहिले.

म्हणजे मी तुझे गुडघे तेव्हाच बघितले होते. बागेचं कारणही कळलंच असेल, पण मी ते कळू दिलं नाही. तू माझ्यावर रागावली आहेस, हे मलाही सोयीचं होतं. मायंना मी हे सांगितलेलं नाही.